साहेबांना विचारल्याशिवाय

आमच्या साहेबांना न विचारता मुंबईत रोज सकाळी सूर्य उगवतो, याचं साहेबांना मनातून वाईट वाटत असणार. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण परळच्या आमच्या ऑफिसला पूर्वेकडे एक खिडकी आहे, आणि सकाळी आल्याआल्या साहेब तिच्यासमोर मागे हात बांधून, भुवया वर करून असे काही उभे राहायचे की आज कुणाच्या परवानगीने उजाडलंय याची चौकशी चालली आहे असंच बघणाऱ्याला वाटावं. बाकी त्या ऑफिसात त्यांना न विचारता फक्त धूळ बसायची. पंखा त्यांना विचारून फिरायचा, खिडकी त्यांना विचारून उघडायची, आणि चहावाल्याने चहा आणला की पहिला घोट साहेबांनी घेऊन "हं" म्हटल्याशिवाय आमच्यापैकी कुणाचाही हात ग्लासाकडे जायचा नाही. चहा निवायचा, पण शिस्त गरम राहायची.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. गिरगावातल्या जाळीच्या दारांच्या म्हाताऱ्या लिफ्टांपासून लालबाग-नायगावात चाळी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या लिफ्टांपर्यंत सगळ्यांची नाडी आमच्या ऑफिसात. साहेब तिथले सर्व्हिस मॅनेजर, मी त्यांच्या हाताखाली. तक्रारीचा फोन आला की घ्यायचा, मेकॅनिकला पाठवायचं आणि काम मार्गी लागलं की गिऱ्हाइकाला कळवायचं, हे माझं काम. साहेब मला 'सावंतबाई' म्हणायचे आणि मेकॅनिक मंडळी 'मॅडम'. या सगळ्या व्यवहाराच्या मधोमध साहेबांचं एक वाक्य उभं असायचं : "मी आल्याशिवाय हात लावू नका." वाक्य मूळचं लिफ्टपुरतंच होतं आणि तिथे ते शहाणपणाचंही होतं. माणसं आत अडकलेली असताना कुणीही उठून काहीही फिरवलं तर जिवावर बेतायचं. पण हळूहळू ते वाक्य लिफ्टमधून उतरलं आणि ऑफिसभर फिरायला लागलं. एकदा साहेबांना डेंग्यू झाला आणि नेमकी तेव्हाच आमच्या डोक्यावरची ट्यूब फडफडायला लागली. ऑफिसात दिवसभर ये-जा करणारे सगळे विजेच्या कामात मुरलेले मेकॅनिक, पण एकानेही स्टूल ओढलं नाही. आम्ही डोळे बारीक करून कामं केली. साहेब बरे होऊन आले, वर बघून म्हणाले, "ही कोणी बघितली नाही?" मी म्हटलं, "सगळ्यांनी बघितली, साहेब." "मग?" "तुम्हाला विचारायचं होतं." इतके दिवस पपईच्या पानांचा रस पिऊन जो अशक्तपणा गेला नव्हता तो माझ्या त्या एका वाक्याने गेला.

मोबाइल आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, तेव्हा आम्हाला वाटलं, आता साहेबांची पकड सुटणार. साहेबांनी स्वतः होऊन 'सर्व्हिस विभाग' नावाचा ग्रुप काढला. आम्ही कौतुक करतो न करतो तोच लक्षात आलं की त्या ग्रुपवर फक्त साहेबच लिहू शकतात. "तक्रार आली की ताबडतोब ग्रुपवर टाका," असा त्यांचा पहिलाच मेसेज होता. तो वाचून आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक परब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, टाकू कुठनं? बोळच बंद हाय." मग परब साहेबांना फोन करून तक्रार सांगायचा, साहेब ती ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, "परब, बघ." परब शेजारीच उभा असायचा.

संध्याकाळी ऑफिस सुटायची तऱ्हा तर विचारू नका. साहेब उठल्याशिवाय उठायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. काम संपलेलं असायचं, टेबलं आवरून झालेली असायची, आणि आम्ही सगळे काचेच्या पलीकडे बसलेल्या साहेबांकडे चोरून बघत बसायचो. साहेबही तिकडून आमच्याकडे चोरून बघायचे. माझी आई लालबागला कुकर लावून माझी वाट बघत बसायची. मालकांना वाटायचं, परळचं ऑफिस काय मरमर मरतं! अशी बरीच वर्षं गेल्यावर एकदा साहेबांच्या घरून वहिनींचा मला फोन आला. आवाजात राग मावत नव्हता. "सावंतबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही लोक ह्यांना वेळेवर घरी का सोडत नाही? हे म्हणतात, माणसं काम करत बसलेली असताना मी कसा उठू?" मी फोन हातात धरून काचेपलीकडे बघितलं. साहेब शून्यात बघत पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. त्यांच्या पहिल्या नोकरीत हाताखालच्यांच्या आधी उठणारा मॅनेजर म्हणजे कामचुकार, आणि आमच्या नोकरीत साहेबांच्या आधी उठणारा कारकून म्हणजे कामचुकार. दोन्ही बाजूंनी इमानदारीने एकमेकांना कोंडून ठेवलं होतं. हे मी त्यांना सांगायला जाणार होते, पण ते कुणाला विचारून सांगायचं हेच मला कळेना.

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. कौतुकाने माणूस बिघडतो, हे त्यांना त्यांच्या जुन्या वरिष्ठांनी शिकवलं होतं, आणि साहेब शिकवलेलं विसरणाऱ्यांतले नव्हते. पण मनातून खूश झाले की त्यांना राहवायचंही नाही. मग ते त्या माणसाला बोलवायचे, वरपासून खालपर्यंत बघायचे आणि विचारायचे, "जेवलास का?" एवढंच. परबने एकदा वरळीच्या एका इमारतीत अडकलेलं अख्खं कुटुंब अलगद बाहेर काढलं, तेव्हा साहेबांनी त्याला लागोपाठ दोनदा "जेवलास का?" विचारलं. परब ते अजून सांगतो.

त्यांच्या मुलीचं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये होतं. आम्ही सगळे नटूनथटून हजर. मंगलाष्टकं रंगात आलेली, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि साहेबांचा फोन वाजला. साहेब लगबगीने बाजूला झाले, पण त्यांचा आवाज काही बाजूला झाला नाही. "थांबा!" साहेब गरजले. "मी आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही!" गुरुजी थांबले. अंतरपाट धरणारे थांबले. हार घेऊन उभ्या असलेल्या बिचाऱ्या जावयाने पुढे केलेले हात चटकन मागे घेतले. शेवटी वहिनी मांडवातून ओरडल्या, "अहो, लिफ्टला म्हणतायत ते! चालू द्या तुमचं!" तेव्हा कुठे ते लग्न लागलं. जावई अजूनही सासऱ्यांशी बोलताना हात मागे बांधतो, असं वहिनी सांगतात.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल, माणूस हुकूमशहाच दिसतोय. तसं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा आमच्या चाळीच्या खोलीत मी आणि आई दोघीच होतो. दोघींनाही काही सुचत नव्हतं. बातमी कळल्यावर सगळ्यांच्या आधी साहेब आले. दारात चप्पल काढली, आईला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा. मी बघतो." मग डॉक्टरांचा दाखला, गाडी, गावाकडचे फोन, आलेल्या माणसांना पाणी, सगळं त्यांनी बघितलं. चाळीतल्या लोकांनाही ते हुकूम सोडत होते आणि चाळ निमूट ऐकत होती. एरवी ज्या "मी बघतो"ने माझं डोकं उठायचं, त्या दिवशी त्याच शब्दांवर मी टेकून बसले होते. साहेबांवर धड चिडताही येत नसे ते त्यामुळे.

अशा या साहेबांची निवृत्ती जवळ आली. थोरले मालक जाऊन आता धाकटे मालक आले होते. धाकटे मालक परदेशात शिकलेले, त्यांचं ऑफिस वरळीला, काचेचं. ते एक दिवस परळला आले आणि आमच्या सगळ्यांसमोर, हसतमुखाने, साहेबांना म्हणाले, "दिवाळीनंतर तुम्ही नसणार. तुमच्यानंतर इथे कोण? मला असा माणूस दाखवा ज्याला दर गोष्टीत तुम्हाला विचारावं लागत नाही. तसा कुणी नसेल तर सरळ परळ बंद करू आणि सगळं ठाण्याच्या ऑफिसला जोडून टाकू." साहेब म्हणाले, "मी बघतो." मालक गेले आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. परब नायगावचा, सकाळी सायकलवरून कामावर येणारा. माझी आई आता एकटी राहू न शकणारी, मी जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन तिला भरवून यायचे. ठाणं आम्हा कुणालाच परवडणारं नव्हतं. त्यातून गिरगावातल्या त्या जुन्या लिफ्टांना ठाण्याहून कोण बघायला येणार होतं? साहेबांनी फक्त एक नाव सांगायचं होतं. ते नाव माझंच असणार हे ऑफिसातल्या कपाटालाही माहीत होतं. पण नाव सांगायचं म्हणजे त्या नावाला आधी काहीतरी ठरवू द्यायचं, आणि तिथेच साहेबांची गाडी अडत होती.

प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "या आठवड्यापासून सगळे निर्णय सावंतबाई घेतील." मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसले. फोन वाजला, मी उचलला, "हॅलो" म्हटलं, आणि पुढचं सगळं साहेब बोलले. दुपारी मी जरा धीर करून म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात निर्णय मी घ्यायचा." साहेब अगदी मनापासून म्हणाले, "अर्थात! निर्णय तुम्हीच घ्यायचा. फक्त घेण्याआधी मला सांगा." परब दारात उभा होता. तो मला बाहेर गाठून हळूच म्हणाला, "मॅडम, ठाण्याला खोल्या काय भावाने आहेत हो?"

दिवाळी तोंडावर आली तरी नाव काही सांगितलं जाईना. धाकटे मालक येत्या सोमवारी येणार असा निरोप आला. त्याच्या आदल्या आठवड्यात नायगावच्या एका टॉवरमधून तक्रार आली की लिफ्ट मधेच हिसका मारते. तिथल्या पाडलेल्या चाळीतली सगळी मंडळी आता त्यात राहायला गेलेली. साहेब म्हणाले, "मी येऊन बघतो." मला म्हणाले, "तुम्हीही चला, शिकायला मिळेल." परब वॉचमनकडे तक्रारवही बघायला गेला होता, तो परत यायच्या आतच साहेब आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटता मिटता बांगड्यांची पिशवी घेतलेली एक मालवणी आजी आत घुसली. बांगडे म्हणजे मासे, कारण पुढच्या सगळ्या प्रकाराला त्यांचा वास आहे. लिफ्ट वर निघाली, तक्रारीत लिहिल्याबरहुकूम हिसका मारला, आणि दोन मजल्यांच्या मधे थांबली. पंखा बंद पडला. मिणमिणता दिवा लागला. साहेबांनी फोन काढला, आत रेंज नव्हती.

मी घंटा वाजवली. थोड्या वेळाने वरच्या मजल्याच्या दाराच्या फटीतून परबचा आवाज आला. "कोण आहे आत? घाबरू नका, आमच्या साहेबांना फोन लावतोय. ते उचलत नाहीत." मी ओरडले, "परब, साहेब आतच आहेत!" मग परबने, इतक्या वर्षांच्या सवयीने, अदबीने विचारलं, "साहेब, हलवू का?" आणि साहेबांनी, तितक्याच वर्षांच्या सवयीने, छाती भरून ओरडून सांगितलं, "थांब! मी आल्याशिवाय हात लावू नकोस!"

"बरं, साहेब," परब म्हणाला. आणि तो खरोखर थांबला. पायरीवर बसल्याचा आवाज आला.

आजीने आधी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "ओ साहेबानू," ती म्हणाली, "तुमी येतलास खयसून? तुमी तर हयसरच आसास!" साहेबांची नजर त्या स्टीलच्या भिंतींवरून फिरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना 'येऊन बघता' येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या दाराच्या बाहेर उभं राहून ते हुकूम द्यायचे, त्याच्या आत त्यांना मशीन दिसत नव्हतं, मजला दिसत नव्हता, परब दिसत नव्हता. आजीने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली होती. तिच्या कपाळावर घाम आला आणि ती खाली टेकली. "माका कसातरीच होता गो, बाय," ती मला म्हणाली. मी तिची पिशवी बाजूला ठेवून तिला भिंतीशी टेकवलं आणि साहेबांकडे बघितलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही सांगा त्याला."

मी फटीकडे तोंड करून ओरडले, "परब! वर गच्चीवर जा, मेन बंद करा, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवा. लिफ्ट वर घ्या, वरच्या मजल्याला!" हे मला पाठ होतं. रोज फोनवर साहेबांच्या तोंडून ऐकत होते. फक्त साहेब नेहमी लिफ्ट खाली घ्यायला सांगायचे. "माणूस जमिनीजवळ बरा," असं त्यांच्या जुन्या मॅनेजरने त्यांना सांगितलेलं होतं. पण आम्ही आत तिघंच होतो, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं तोलाचं वजन आमच्यापेक्षा जड, आणि लिफ्ट वर घेणं सोपं आणि लवकर होणारं. 'वर' हा शब्द ऐकताच साहेबांचा हात आपोआप उचलला गेला. बाहेरून परबचा आवाज आला, "वर? मॅडम, साहेब काय म्हणतायत?"

मी साहेबांकडे बघितलं. आजी डोळे मिटून बसली होती. साहेबांनी उचललेला हात दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला, माझ्या कानाशी आले आणि पुटपुटले, "सांगा, मी इथे नाही."

"परब," मी ओरडले, "साहेब इथे नाहीत!"

"आं? आत्ता तर होते! गेले कुठे?"

"ते तुम्हाला काय करायचंय? मी सांगते तसं करा!"

बाहेर विचार चाललेला ऐकू येत होता. मग पायऱ्या धडधडत वर जाणारे बूट ऐकू आले. साहेब कोपऱ्यात तोंड करून उभे होते. दोन्ही हात खिशात घट्ट खुपसलेले. ते खरोखरच तिथे नसल्यासारखे उभे होते. मग लिफ्ट हलली, इंच इंच करत वर सरकली, थांबली, आणि परबने दार उघडलं. पहिली हवा आली. आजीला आम्ही धरून बाहेर आणलं. तिची सून धावत पाणी घेऊन आली. दोन घोट प्याल्यावर आजीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माझे बांगडे खय आसत?" तेव्हा आम्ही सगळे हसलो. परब साहेबांना बघून दचकला आणि म्हणाला, "साहेब, होतात तर तुम्ही!" साहेब त्याला म्हणाले, "जेवलास का?"

नंतर साहेब जिन्याच्या पायरीवर बसले. मीही बसले. त्या आजीच्या सुनेने चहा आणून दिला आणि साहेबांनी पहिल्यांदाच पहिला घोट मला घेऊ दिला, की घाबरल्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नाही, कोण जाणे. ते आपणहून बोलायला लागले. त्यांच्या पहिल्या नोकरीत, तेही असेच मेकॅनिक असताना, त्यांनी एकदा कुणाला न विचारता दार उघडून एका माणसाला बाहेर काढलं होतं. माणूस सुखरूप होता. पण विचारलं नाही म्हणून मॅनेजर खवळले. काढून टाकलं नाही त्यांना. जिन्याखाली एक टेबल दिलं, आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की याला काही विचारायचं नाही. "पगार चालू होता," साहेब म्हणाले. "पण कोणी काम सांगायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. चहा हवा का, हेसुद्धा नाही. सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. घरी आईला सांगायचो, फार काम असतं." मग ते मॅनेजर बदलून गेले आणि नव्या माणसाने एक दिवस येऊन यांना विचारलं, ही लिफ्ट कशी काय चालते हो? "मला रडू आलं होतं तेव्हा," साहेब म्हणाले, आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खाली बघत बसले. त्यांना मॅनेजरकी शिकवली होती ती त्या जिन्याखालच्या टेबलाने. न विचारता काही केलं की काय होतं हे त्यांना कळलं होतं, आणि कुणी विचारेनासं झालं की काय होतं हेही. पुढे स्वतःला खुर्ची मिळाल्यावर त्यांनी एवढीच काळजी घेतली की सगळ्यांनी आपल्याला विचारत राहावं. माणूस मूळचा असा नसतो हो. कुठल्या तरी ऑफिसात त्याला कुणीतरी असा करून ठेवतं, आणि मग तो पुढच्यांना तसाच करत जातो. त्या दिवशी मला साहेबांचा राग यायला हवा होता, इतकी वर्षं माझे आईबरोबरचे संध्याकाळचे तास त्यांनी खाल्ले होते. राग आला नाही. फार माया वाटली.

"मी असतो तर खाली घेतली असती," उठताना ते म्हणाले.

"माहीत आहे, साहेब."

"वर घेतली तरी पोचलो," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.

सोमवारी धाकटे मालक आले. साहेबांनी त्यांना सांगितलं, "सावंतबाई. त्यांना मला विचारावं लागत नाही." मालकांनी विचारलं, "कशावरून म्हणता?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "प्रसंग घडला तेव्हा मी तिथे नव्हतो. म्हणून खात्रीने सांगतो." परब दाराबाहेर खोकत होता. परळचं ऑफिस राहिलं. दिवाळी झाली, आम्ही साहेबांना शाल-श्रीफळ दिलं, साहेबांनी भाषणात आमच्यापैकी कुणाचंही कौतुक केलं नाही आणि समारंभानंतर एकेकाला गाठून जेवलास का, जेवलात का, विचारत फिरले. त्या दिवशी आमच्यातले बरेच जण रडले.

खुर्चीवर बसल्यावर मी पहिलं काम केलं ते ग्रुप सगळ्यांना खुला करण्याचं. पहिला मेसेज परबने टाकला, "साहेबांना विचारलं का?" संध्याकाळी मी वेळेवर उठायला लागले, तर मंडळी बसूनच. त्यांना उठवायला मला दोन-तीन महिने लागले. परब अजूनही फोन करून विचारतो, "मॅडम, हलवू का?" मी "परब, तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं की त्याला राग येतो. "मला वाटून काय उपयोग? तुमी कशाला बसलाय मग तिथं?" म्हणतो. पण हलवतो. हल्ली कधीकधी आधी हलवतो आणि मग फोन करतो.

साहेब निवृत्त झाल्यावर महिनाभराने वहिनींचा फोन आला. या वेळी आवाजात राग नव्हता. "मला वाटलं होतं, आता घरात कणिक मळायची तरी ह्यांना विचारून मळावी लागेल," त्या म्हणाल्या, "पण हे काही बोलतच नाहीत हो. सकाळी उठून फोन चार्ज करतात आणि समोर ठेवून बसतात. कुणाचा येत नाही." मी त्या रविवारी फोन केला. म्हटलं, साहेब, जरा अडचण आहे, गिरगावातल्या एका जुन्या लिफ्टचं दार नीट लागत नाही, काय करू? साहेबांचा आवाज एकदम भरला. अर्धा तास बोलले. त्या दाराचा इतिहास सांगितला, त्या इमारतीचा सांगितला, शेवटी म्हणाले, मी येऊन बघू का? मी म्हटलं, नको साहेब, तुम्ही सांगितलंत तसं करते. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी फोन करते. काहीतरी अडचण शोधून काढते. आईला जेवायला घालून झालं की मी पलंगावर बसून विचार करते, आज साहेबांना काय विचारावं. ज्याचं उत्तर मला कधीच सापडलेलं असतं असं काहीतरी.

गेल्या रविवारी वरळीच्या एका लिफ्टच्या ब्रेकबद्दल विचारलं. साहेबांनी सगळं सावकाश सांगितलं. पलीकडे वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. "सावंतबाई," ते म्हणाले, "तो ब्रेक गेल्या वर्षी तुम्ही उभं राहून बदलून घेतला होतात ना?"

"हो, साहेब."

"मग मला काय विचारता?"

मी फोन नुसता कानाशी धरून बसले.

"मला कळतं हो," साहेब म्हणाले. "पहिल्या फोनापासून कळत होतं." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण करत जा."